इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतंय का? परतवाडा–सेमाडोह–धारणी मार्गावरच्या ट्रक, टिप्पर मालक-चालकांसाठी तपासणीची पूर्ण माहिती

सेमाडोह (ता. चिखलदरा) : ऑइलची काडी काढली, पुसली, परत घातली आणि तेल ‘मॅक्स’च्या खुणेवर गेलेलं दिसलं. वरून तर कोणी ऑइल टाकलं नाही. अशा वेळी बरेच चालक खूश होतात, ‘आपली गाडी ऑइल खात नाही’ म्हणून. पण डिझेल इंजिनमध्ये तेल आपोआप वाढत नसतं. वाढलं तर काहीतरी आत येतंय, आणि बहुतेक वेळा ते डिझेल असतं.

परतवाड्याहून बिहाली, घटांगमार्गे सेमाडोह, पुढे हरिसाल आणि धारणी हा रस्ता चढउताराचा, वळणांचा आणि बराचसा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला. किराणा, सिमेंट, गिट्टी, धान्य, बांधकामाचं साहित्य सगळं याच रस्त्याने मेळघाटात चढतं. चढावर इंजिन जोर लावतं, ऑइल तापतं आणि पातळ झालेल्या ऑइलची परीक्षा नेमकी तिथेच होते. रात्री जंगलात इंजिन जाम झालं तर जवळ गॅरेज नाही, मोबाइलला सगळीकडे रेंज नाही, आणि टोचन लावून परतवाड्यापर्यंत गाडी खाली आणायची म्हणजे त्या महिन्याचं भाडं गेलंच समजा. म्हणून ही गळती काडीवर असतानाच पकडायची. ती कशी पकडायची, आधी काय बघायचं आणि मिस्त्रीला काय विचारायचं, हे खाली क्रमाने दिलं आहे.

थोडक्यात

- काडीवर तेल वाढलं, डिझेलचा वास आला आणि गरम इंजिनचं ऑइल प्रेशर कमी दाखवू लागलं, या तीन गोष्टी सोबत आल्या तर गाडी भारावर चालवू नका.
- तेल वाढलं नाही म्हणून डिझेल जात नाही, असंही नाही. ऑइल खाणाऱ्या इंजिनमध्ये काडी जागेवरच राहते.
- नुसतं ऑइल बदलून उपयोग नाही. गळती सापडेपर्यंत नवीन ऑइलही खराब होणार.
- जुन्या पंपाच्या गाडीची तपासणी वेगळी, कॉमन रेलची वेगळी, बीएस-६ची आणखी वेगळी.

डिझेल गेलं की बिघडतं काय?

क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेली नसते, ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. तो थर टिकतो ऑइलच्या जाडपणावर. ट्रकमध्ये सर्रास वापरलं जाणारं १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतकं जाड असायला हवं. डिझेल ४० अंशालाच २ ते ४.५ सेंटिस्टोक असतं, म्हणजे कितीतरी पातळ. ते ऑइलमध्ये पडलं की पूर्ण मिसळतं. पाण्यासारखं खाली बसून वेगळं होत नाही.

थर पातळ झाला की आधी बिग एंड आणि मेन बेअरिंग घासतात. टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टचं बुश जातं. लायनरवरचा तेलाचा हात धुऊन निघतो, रिंगा आणि लायनर झिजतात, ब्रीदरमधून धूर वाढतो. ऑइलमध्ये टाकलेली रसायनं, म्हणजे काजळी धरून ठेवणारी आणि गंज रोखणारी, तीही पातळ होतात.

दुसरा धोका त्याहून वाईट आहे. चेंबरमध्ये पातळी फार वाढली तर तेलाचे फवारे ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊ शकतात. मग इंजिन पंपाच्या डिझेलवर न चालता स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं. चावी बंद केली, स्टॉप ओढला तरी ते थांबत नाही. याला आपल्याकडे ‘इंजिन सुटलं’ म्हणतात. त्यावर काय करायचं ते पुढे आहे.

आधी काडी नीट बघा

निम्मे घोटाळे इथेच होतात. घाटात तिरप्या रस्त्यावर उभी करून काडी काढली तर ती खोटं बोलते. गाडीचं तोंड वर असताना वेगळं, खाली असताना वेगळं दिसतं.

१. गाडी सपाट जागी लावा. सेमाडोह, हरिसाल, परतवाडा कुठेही चालेल, पण जागा दररोज तीच ठेवा.
२. इंजिन बंद केल्यावर १० ते १५ मिनिटं थांबा. वरचं तेल खाली उतरू द्या.
३. काडी काढा, कपड्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा.
४. काडी त्याच इंजिनची आहे ना, याची खात्री करा. जुन्या गाडीत दुसऱ्याच इंजिनची काडी बसवलेली सापडते. अशा काडीच्या खुणांना काही अर्थ नाही.
५. आकडा वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, काडीवरची जागा, वरून ऑइल टाकलं असल्यास किती.

ही पाचवी गोष्ट कोणी करत नाही, आणि तीच सगळ्यात कामाची आहे. एका दिवसाची काडी काही सांगत नाही. १० दिवसांची वही सगळं सांगते.

वाढलेलं सगळं डिझेलच नसतं

मिस्त्रीकडे धावण्याआधी या चार गोष्टी तपासा.

- दोघांनी ऑइल टाकलं. मालकाने गॅरेजला टाकलं, चालकाने पंपावर टाकलं, एकमेकांना सांगितलं नाही.
- पाणी. हेड गॅस्केट, लायनरची रबर सील किंवा ऑइल कूलर गेला असेल तर रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये येतं. मग रेडिएटरमधलं पाणी कमी होतं आणि ऑइल टाकायच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढुरका थर दिसतो. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर चेंबरचा बोल्ट हळूच सैल केला तर आधी पाणी येतं. डिझेलच्या बाबतीत असं होत नाही.
- पॉवर स्टीअरिंगचं तेल. ज्या इंजिनमध्ये स्टीअरिंग पंप टायमिंग गिअरवर बसवलेला असतो, तिथे त्याची सील गेली की स्टीअरिंगचं तेल इंजिनमध्ये उतरतं. स्टीअरिंगच्या डब्यातलं तेल कमी होतंय का ते बघा.
- टिप्परचा हायड्रॉलिक पंप. तो इंजिनच्या गिअरवरून चालत असेल तर त्याच्याही सीलमधून असंच होऊ शकतं. हायड्रॉलिक टाकीची पातळी बघा.

ही चारही कारणं बाजूला झाली आणि पातळी तरीही वाढतेय, तर मग डिझेलच.

गॅरेजविना करता येतील अशा तपासण्या

वास. काडीवरचा थेंब बोटांवर घेऊन चोळा आणि वास घ्या. पण चालकाच्या हाताला, कपड्याला डिझेलचा वास आधीच असतो. म्हणून साबणाने हात धुऊन, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वास घेववा. रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनचं ऑइल काजळीने लवकरच काळं पडतं, त्यावरून काही कळत नाही.

कागदाची तपासणी. टिपकागद किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला गाळण-कागद घ्या. एका वाटीच्या काठावर तो असा ठेवा की खालून कशालाच टेकणार नाही. गरम इंजिनच्या काडीवरून एक थेंब मध्यभागी पाडा. शेजारच्या कागदावर त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा एक थेंब पाडा. काही तास थांबा. मधे काजळीचा काळा डाग राहतो. डिझेल असेल तर त्याच्या बाहेर फिकट पिवळसर, पसरट कडं जास्त लांब जातं.

तुलना पक्की करायची असेल तर तिसरा कागद ठेवा. ९५ मिली नवीन ऑइल आणि ५ मिली डिझेल असं ५ टक्के मिश्रण औषधाच्या मापाने करून त्याचा थेंब पाडा. तुमच्या गाडीचं कडं या तिसऱ्या कागदाच्या जवळ जात असेल तर गोष्ट गंभीर आहे.

काचेची तपासणी. तिरप्या ठेवलेल्या काचेवर नव्या ऑइलचा आणि गाडीतल्या ऑइलचा एकसारखा थेंब शेजारी-शेजारी सोडा. दोन्ही सारख्याच तापमानाला हवेत. गाडीचा थेंब पळतच खाली गेला तर ऑइल पातळ झालंय. मात्र काजळीने ऑइल जाडही होतं. त्यामुळे काजळी आणि डिझेल दोन्ही असतील तर हा थेंब नॉर्मल दिसू शकतो. म्हणून एकट्या काचेवर निकाल लावू नका.

ऑइल प्रेशर. सकाळी थंड इंजिनला प्रेशर चांगलं, पण घाट चढून आल्यावर गरम इंजिनच्या स्लो रेसला काटा नेहमीपेक्षा खाली, हे पातळ ऑइलचं लक्षण आहे. काट्यावर भरवसा नसेल तर मिस्त्रीकडून हाताचं गेज लावून बघा.

काडी पेटवून बघू नका. ऑइलचा थेंब आगपेटीने पेटवून डिझेल ओळखणारे काही जण आहेत. इंजिन ऑइल २०० अंशांच्या वर पेट घेतं. आपल्याकडच्या डिझेलची वाफ पेटण्याची किमान मर्यादा ३५ अंश आहे. वैशाखात मेळघाटाच्या पायथ्याला हवाच ४० अंशांच्या पुढे जाते. गाडीजवळ हा खेळ नको.

प्रयोगशाळा. फ्लीट असेल किंवा इंजिन नुकतंच बांधलं असेल तर ऑइलचा नमुना तपासून घेणं परवडतं. इंजिन गरम असताना, चेंबरमधून तेल सोडताना मधल्या धारेचं १०० ते २०० मिली तेल कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. १०० अंशावरचा जाडपणा आणि फ्लॅश पॉइंट या दोन तपासण्या मागा. जाडपणा १२.५ च्या खाली आणि फ्लॅश पॉइंट बराच उतरलेला असेल तर डिझेल आहे, यात शंका राहत नाही.

किती डिझेल म्हणजे धोका?

थोडंफार जळलेलं-न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली जातंच. साधारण हिशोब असा धरतात की २ टक्क्यांच्या पुढे कारण शोधायला लागायचं आणि ५ टक्क्यांच्या पुढे गाडी थांबवून ऑइल काढायचं. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

काडीवरून हिशोब कसा करायचा? समजा चेंबरमध्ये १५ लिटर ऑइल बसतं आणि ‘मिन’ ते ‘मॅक्स’मध्ये ३ लिटरचं अंतर आहे. तेल त्या अंतराच्या एक तृतीयांश वर आलं, म्हणजे १ लिटर वाढलं. आता एकूण १६ लिटरमध्ये १ लिटर डिझेल, म्हणजे ६ टक्क्यांच्या वर. काडीवर ही वाढ बोटाच्या पेरभर दिसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

दुसरी बाजूही बघा. इंजिन जुनं आहे, हजार किलोमीटरला १ लिटर ऑइल खातं आणि तितकंच डिझेल आत येतं. काडी तसूभर हलत नाही. मालक म्हणतो, ‘गाडी ऑइल खाणं बंद झाली.’ प्रत्यक्षात चेंबरमध्ये दर फेरीला ऑइल कमी आणि डिझेल जास्त होत चाललेलं असतं. जुनं, ऑइल खाणारं इंजिन अचानक ‘सुधारलं’ तर तो संशयाचाच मुद्दा आहे.

तुमच्या गाडीचा पंप कोणता?

गळती कुठून होईल हे पंपाच्या पद्धतीवर ठरतं.

जुना इनलाइन पंप. आपल्याकडे डिझेल पंपाला आजही सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात. १९५१ साली सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं हे नाव. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजच्या बोलीत ‘मायको’ राहिलं. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझसोबत ट्रक बांधायला घेतले तेव्हापासून अनेक वर्षं हाच पंप रस्त्यावर राज्य करत होता. या पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर आणि बॅरल असतं, आणि पंपाच्या पोटाशी फीड पंप बसवलेला असतो.

रोटरी पंप. लहान आणि मध्यम गाड्यांत जास्त. पंपाचं पोट डिझेलनेच भरलेलं असतं. पुढे शाफ्टवर सील असते आणि तिच्या पलीकडे इंजिनचं टायमिंग कव्हर.

कॉमन रेल. एक हाय प्रेशर पंप, एक रेल आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर. प्रेशर १६०० बार किंवा त्याहून जास्त जातं.

बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून देशभर. कॉमन रेलच, पण सायलेन्सरच्या जागी काजळी गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, जोडीला आला. त्याने ऑइलमध्ये डिझेल जाण्याचा एक नवाच रस्ता उघडला.

गळती शोधायचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

पायरी १ – उभ्या गाडीत वाढतं की चालत्या? संध्याकाळी सपाट जागेवर काडी बघून खूण करा, सकाळी सेल्फ मारण्याआधी परत बघा. उभ्या गाडीतच वाढलं तर फीड पंपाकडून किंवा टाकीकडच्या कमी प्रेशरच्या भागातून डिझेल झिरपतंय. घाटात तोंड खाली करून गाडी लावली असेल तर मागची टाकी इंजिनपेक्षा उंच जाते आणि अशी गळती वाढते. त्यामुळे ही तपासणी सपाटीवरच करा. फक्त चालल्यावर वाढत असेल तर पुढच्या पायऱ्या.

पायरी २ – फीड पंप. सगळ्यात स्वस्त आणि नेहमीचा गुन्हेगार. इंजिनच्या ब्लॉकवर बसणारा, कॅमशाफ्टवरून चालणारा फीड पंप असेल, तर त्याचा पडदा किंवा दांडीची सील गेली की डिझेल थेट चेंबरमध्ये जातं. पंप खोला, पाइप जोडलेलेच ठेवा, हाताने प्रायमर मारा आणि कॅमच्या बाजूला बघा. तिथून डिझेल निथळलं तर कारण सापडलं. किट टाका किंवा पंप बदला.

इनलाइन पंपावर फीड पंप असेल तर डिझेल आधी इंजेक्शन पंपाच्या पोटात जातं. पंपाचं ऑइल वेगळं असेल तर तिथली पातळी वाढते, तिथलं झाकण खोलून वास घ्या. पंपाला इंजिनचंच ऑइल येत-जात असेल तर ते डिझेल घेऊन चेंबरमध्ये परततं.

पायरी ३ – इंजेक्शन पंप. इनलाइन पंपात प्लंजर-बॅरल घासले किंवा बॅरलखालची सील, रिंग गेली तर डिझेल पंपाच्या पोटात उतरतं. रोटरीत शाफ्टची सील जाते. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपातही शाफ्टची सील गेली तर डिझेल टायमिंगकडे जातं. हे गाडीवर नक्की कळत नाही. पंप उतरवून पंप-नोझलच्या दुकानात न्यावा लागतो. तिथे पंप डिझेलमध्ये बुडवून आत हलकी हवा सोडतात, शाफ्टजवळ बुडबुडे आले की सील गेली. पंप खोलणारच असाल तर त्याच वेळी टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या.

पायरी ४ – नोझल. नोझल फवारा न मारता थेंब टाकत असेल तर ते डिझेल जळत नाही, लायनर धूत खाली उतरतं. लक्षणं अशी : सकाळी पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास, एक सिलिंडर मिस, ठोकल्याचा आवाज. फक्त जुन्या मेकॅनिकल पंपावर, डोळ्यांना चष्मा लावून आणि नटावर कापड धरून, स्लो रेसला एकेका सिलिंडरचा पाइप नट अर्धा फेरा सैल करून बघता येतो. ज्या सिलिंडरवर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, त्याचं नोझल आधी काढा. नोझल टेस्टरवर तीन गोष्टी बघायच्या : ठरलेल्या प्रेशरला उघडतं का, फवारा बारीक आहे का, उघडायच्या आधी टोकाला थेंब जमतो का.

> सावधान : कॉमन रेल गाडीचा हाय प्रेशर पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. त्या प्रेशरची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलम लावून थांबू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘प्रेशरने डिझेल आत गेलं’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पायरी ५ – टॅपेट कव्हरच्या आतले जोड. काही इंजिनमध्ये इंजेक्टर आणि त्याची रिटर्न लाइन टॅपेट कव्हरच्या आत असते. तिथली ओ-रिंग, तांब्याचं वॉशर किंवा बँजो बोल्ट गळला तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, सगळं आतच उतरतं. मिस्त्री कव्हर काढून, इंजिन बंद ठेवून, रिटर्न लाइनला हलकं प्रेशर देऊन बघतो. सापडत नसेल तर डिझेलसाठीचा चमकणारा रंग टाकीत टाकून थोडं चालवायचं आणि मग कव्हर काढून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं. जिथे चमकतं तिथे गळतं.

पायरी ६ – कॉम्प्रेशन. वरचं सगळं ठीक असेल तर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनच कमी असेल. तिथे डिझेल पूर्ण जळत नाही आणि घासलेल्या रिंगांवरून खाली जातं. ब्रीदरमधून जोरात धूर येत असेल तर हा संशय आधीच घ्या.

बीएस-६ : गळती नाही, तरी ऑइल वाढतंय

डीपीएफमध्ये काजळी साठली की गाडीचा संगणक ती जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. अनेक इंजिनमध्ये यासाठी पॉवर स्ट्रोकनंतर उशिरा, जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. ते जळत-जळत एक्झॉस्टमध्ये जाऊन फिल्टर तापवतं. पण त्यातलं काही लायनरच्या भिंतीवर बसतं आणि रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. ज्या इंजिनमध्ये एक्झॉस्ट पाइपातच वेगळा इंजेक्टर दिलाय, तिथे हा त्रास होत नाही.

आपल्या भागातलं काम या फिल्टरला मानवत नाही. खदानीवरून गावात, गावातून खदानीवर, १०-१५ किलोमीटरच्या फेऱ्या, कमी वेग, वारंवार बंद-चालू. रिजनरेशन सुरू झालं आणि मधेच चावी बंद केली, की पुन्हा पहिल्यापासून. दर अर्धवट वेळेला थोडं डिझेल ऑइलमध्ये. अशा गाडीत नोझल, पंप सगळं बदलूनही ऑइल वाढतच राहतं आणि मालकाचे पैसे वाया जातात. म्हणून बीएस-६ गाडी असेल तर आधी स्कॅनर लावून किती रिजनरेशन सुरू झाले आणि किती पूर्ण झाले, ते बघायला सांगा.

उपाय : रिजनरेशनचा दिवा लागला तर इंजिन बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर एका दमात चालवून ते पूर्ण होऊ द्या. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं वापरा.

आणि एक गोष्ट मेळघाटात विसरून चालणार नाही. रिजनरेशनच्या वेळी फिल्टर ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ. सागाचा पालापाचोळा रस्त्याच्या कडेला वाळून पडलेला असतो. उभ्या गाडीचं रिजनरेशन पाल्यावर, गवतावर कधीही करू नका. डांबरी किंवा सिमेंटच्या मोकळ्या जागेवरच करा.

डिझेल चोरीचा आळ आणि चेंबरचा हिशोब

हा वाद बऱ्याच घरी होतो. गाडीचं ॲव्हरेज पडतं, मालक म्हणतो चालकाने डिझेल विकलं, चालक म्हणतो इंजिन पितंय. दोघांनीही भांडण्याआधी हिशोब करावा.

चेंबर १५ लिटरचं आहे आणि काडी २ लिटर वर आली, तर आत गेलेलं डिझेल साधारण २ लिटर, अधिक त्या काळात इंजिनने खाल्लेलं ऑइल. त्यातून महिन्याला ५०-६० लिटरची तूट निघत नाही. तेवढं डिझेल आत गेलं असतं तर चेंबर केव्हाच उतू गेलं असतं. मात्र खराब नोझल आणि कमी कॉम्प्रेशनमुळे डिझेल न जळता धुरातही जातं, त्याने ॲव्हरेज पडतं आणि तो दोष चालकाचा नाही. म्हणून आधी टाकी पूर्ण भरा, ठरलेल्या फेऱ्या मारा, परत पूर्ण भरा, काडीची नोंद ठेवा. आकडे समोर आले की कोणाची बाजू खरी ते कळतं. गाडीही वाचते आणि माणूसही.

हे करू नका

- जास्तीचं तेवढंच तेल चेंबरच्या बोल्टमधून काढून गाडी चालवणं. उरलेल्या ऑइलमध्ये डिझेल तितक्याच टक्क्यांनी असतं.
- प्रेशर वाढावं म्हणून जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध टाकणं. त्याने काटा वर जातो, गळती आत तशीच राहते.
- ‘लांब फेरी मारली की डिझेल उडून जाईल’ असं मानणं. पेट्रोल बऱ्यापैकी उडतं, डिझेल फारसं उडत नाही.
- काढलेलं ऑइल नाल्यात, जंगलात, सिपना नदीच्या पात्रात ओतणं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि परवानाधारक संकलकाला द्या.

रस्त्यात लक्षात आलं तर

ऑइलचा दिवा लागला किंवा इंजिनचा आवाज खडखडीत झाला तर लगेच, सुरक्षित जागा बघून, इंजिन बंद करा. ‘घाट तेवढा उतरून घेऊ’ यातच क्रँक जाते. गाडी बाजूला, चाकाला ओट, इंडिकेटर आणि त्रिकोण. जंगलात रात्री गाडीपासून लांब पायी जाऊ नका, येणाऱ्या गाडीकडे निरोप द्या.

इंजिन सुटलं आणि स्टॉपने थांबत नसेल तर ब्रेक पक्का दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन बसवा. ते जमलं नाही तर एअर फिल्टरकडचं तोंड जाड फळीने बंद करा. हाताने किंवा कापडाने नाही, ओढ इतकी असते की ते आत जातं. रेस फार वाढली असेल तर इंजिनजवळ न थांबता माणसं लांब करा.

दुरुस्तीनंतर

गळती सापडली, सुटा भाग बदलला की ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. पहिले ५०० किलोमीटर दररोज काडी बघा आणि वहीत लिहा. काडी जागेवर, वास नाही, गरम प्रेशर पूर्वीसारखं, तर काम झालं. गाडी बराच काळ पातळ ऑइलवर चालली असेल तर चेंबर खोलून एखादं बिग एंड बेअरिंग बघून घ्या. बेअरिंगचा खर्च परवडतो, क्रँकचा नाही.

वाचकांना पडणारे प्रश्न

डीईएफ ऑइलमध्ये जातं का? नाही. ते एक्झॉस्ट पाइपात सोडलं जातं, सिलिंडरशी त्याचा संबंध नाही. चुकून डिझेल टाकीत ओतलं तर मात्र पंप आणि इंजेक्टर खराब होतात. तसं झालं तर चावीही फिरवू नका.

ट्रॅक्टरला हेच लागू आहे का? हो. ट्रॅक्टरच्या इंजिनची रचना तीच. फरक इतकाच की तिथे किलोमीटरऐवजी तासांची नोंद ठेवायची.

फक्त वास येतो, काडी वाढलेली नाही. चालवू का? आधी कागदाची तपासणी करा आणि इंजिन ऑइल खातं का ते वहीत बघा. दोन्हीत संशय आला तर भार घेऊन घाट चढू नका. परतवाड्यातच गाडी दाखवा, तिथून पुढे सेमाडोहपर्यंत चढउताराचा घाटरस्ता आहे.